एका लॅपटॉपात तीन संगणक

१. ‘सर, कोणतं टाकू?’

संगणकशास्त्राचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला आला की एक प्रश्न हमखास विचारतो : “सर, व्हर्च्युअलबॉक्स टाकू की व्हीएमवेअर?” प्रश्न रास्त आहे, पण विचारायची वेळ चुकते. लॅपटॉपात मेमरी किती, त्यातलं विंडोज कोणत्या आवृत्तीचं, प्रोसेसर कोणत्या जातीचा आणि मुळात शिकायचं काय आहे, एवढं कळलं की सॉफ्टवेअरचं नाव बहुतेक वेळा आपोआप ठरतं. उलट्या बाजूने सुरुवात केली की आठवडाभर व्हिडिओ बघूनही निर्णय होत नाही.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न विचारणारे थोडेथोडके नाहीत. सेवाग्रामचं बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे, पिपरीचं बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी २०१७ साली सुरू झालं. त्याशिवाय बीसीए, बीएस्सी करणारी मुलं आर्वी, हिंगणघाट, पुलगावला आहेतच. कॉलेजच्या लॅबला संध्याकाळी कुलूप लागतं आणि तिथल्या संगणकाचा अॅडमिन पासवर्ड विद्यार्थ्याच्या हाती नसतो, असायलाही नको. त्यामुळे लिनक्स टाकून बघणं, डिस्कचे भाग पाडणं, सर्व्हर उभा करणं आणि तो कोसळला तर का कोसळला ते शोधणं, हे सगळं खोलीवर, स्वतःच्या लॅपटॉपवरच करावं लागतं. तो लॅपटॉप बहुधा घरातला एकमेव असतो. त्याच्यावरच प्रोजेक्टचा रिपोर्ट टाइप व्हायचा असतो आणि लहान बहिणीचा प्रवेशाचा फॉर्मही भरायचा असतो. प्रयोग करायचे, पण घरचं यंत्र बिघडता कामा नये. व्हर्च्युअल मशीन ही सोय नेमकी याचसाठी आहे.

२. मालक एक, बिऱ्हाडं अनेक

कॉलेजच्या आसपासच्या वस्त्यांत मालक खाली राहतो आणि वरच्या खोल्या मुलांना भाड्याने देतो. प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप, वेगळा संसार. एकाने आपल्या खोलीत पसारा केला तर शेजाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. पाण्याची टाकी मात्र एकच आणि विजेचा मीटरही एकच. व्हर्च्युअल मशीनचं तसंच आहे. तुमचं नेहमीचं विंडोज हा मालक. त्याच्या आत एका सॉफ्टवेअरच्या मदतीने तुम्ही दुसरा संगणक ‘भासवता’. त्याला मेमरीचा वाटा देता, डिस्क म्हणून एक मोठी फाइल देता, नेटवर्क कार्ड देता. त्या आतल्या संगणकाला वाटतं, आपण खरंच स्वतंत्र यंत्र आहोत. त्यावर लिनक्स टाका, मोडा, डिस्क पुसून टाका. मालकाच्या फाइलींना धक्का लागत नाही.

ही वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज केंद्रात एकाच अवाढव्य संगणकावर अनेकांना आपापला ‘स्वतंत्र’ संगणक मिळावा म्हणून ती प्रत्यक्षात आणली गेली आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने बाजारात आली. घरगुती संगणकाच्या इंटेल-जातीच्या चिपवर मात्र हे करणं अवघड होतं, कारण त्या चिपच्या काही आज्ञा अशा वाटणीला दादच देत नसत. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती अडचण निव्वळ सॉफ्टवेअरच्या करामतीने सोडवली. पुढे इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली वाटणीची सोय थेट चिपमध्येच दिली. आज आपण जे वापरतो ते सगळं या सोयीवर उभं आहे, आणि नवशिक्यांची पहिली अडचणही बहुधा इथेच येते.

३. आधी लॅपटॉपची झडती

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जा, ‘सीपीयू’वर टिचकी मारा. खालच्या बारीक अक्षरांत ‘व्हर्च्युअलायझेशन’ असा शब्द दिसेल आणि त्यापुढे ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’. ‘डिसेबल्ड’ असेल तर चिपमधली सोय बंद आहे. लॅपटॉप सुरू होताना ठरावीक कळ दाबून बायोसमध्ये शिरायचं (एचपीवर बहुधा एफ१०, डेल आणि एसरवर एफ२) आणि ती चालू करायची. इंटेलच्या यंत्रावर ती ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ अशा नावाने असते, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ म्हणून. एवढं न करता ‘सॉफ्टवेअरच खराब आहे’ म्हणत एक काढून दुसरं टाकणारे पुष्कळ असतात. दुसरंही चालत नाही, कारण दोष सॉफ्टवेअरचा नसतोच.

आता मेमरी, म्हणजे रॅम. खरी टाकी हीच. डिस्क कमी पडली तर जुने सिनेमे उडवता येतात, प्रोसेसर धिमा असेल तर थांबता येतं. मेमरी संपली की सगळंच अडतं. हिशेब करून बघू.

लॅपटॉप ८ जीबीचा आहे. त्यातली थोडी ग्राफिक्ससाठी राखीव, म्हणजे हाताशी साडेसात. विंडोज ११ आणि ब्राउझरच्या चार-पाच खिडक्या मिळून ४ ते साडेचार जीबी सहज खातात. उरले तीन. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीला ४ जीबी द्या असं तिचे निर्मातेच सांगतात. चार दिलेत तर विंडोजचा श्वास कोंडतो, दोन दिलेत तर उबुंटूचा. मग मालक मेमरीतला माल डिस्कवर टाकायला लागतो. ती डिस्क जुन्या फिरत्या पद्धतीची असेल तर माउसचा बाणसुद्धा अडखळत सरकतो.

त्याच तीन जीबीत दुसरा बेत बघा. चित्रं, खिडक्या, वॉलपेपर काही नसलेलं, फक्त काळ्या पडद्यावर अक्षरं दाखवणारं डेबियन लिनक्स घ्या. त्याला ७६८ एमबी पुरतात. अशी तीन मशीन म्हणजे सव्वादोन जीबी. एकावर वेबसर्व्हर, दुसऱ्यावर डेटाबेस, तिसरं त्यांच्याकडे मागणी करणारं. ब्राउझर बंद ठेवला तर आठ जीबीच्या लॅपटॉपवर तीन संगणकांची प्रयोगशाळा चालते. शिवाय शिकायचंही हेच असतं. नोकरीत जे सर्व्हर सांभाळावे लागतात, त्यांना बहुधा पडदाच नसतो.

१६ जीबी असेल तर प्रश्न बराच हलका होतो. विंडोज सर्व्हर शिकायचा असेल तर मायक्रोसॉफ्ट त्याची १८० दिवसांची चाचणी-प्रत अधिकृतपणे देते. ती ४ जीबीत, तिच्याशी जोडलेलं दुसरं विंडोज ४ जीबीत आणि एक छोटं लिनक्स, असं तिघांचं बिऱ्हाड त्यात नीट मावतं. ४ जीबीच्या लॅपटॉपवर मात्र विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन चालवायचा हट्ट धरू नये.

झडतीतलं शेवटचं, चिपची जात. मॅकबुक २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ किंवा त्यानंतरच्या चिपचं असेल, तर ती इंटेलची नव्हे, एआरएम जातीची चिप आहे. तिच्यावर एआरएमसाठी बनवलेलं लिनक्स वेगाने चालतं. इंटेलसाठी बनवलेलं चालवायचं तर प्रत्येक आज्ञेचं भाषांतर करत बसावं लागतं आणि ते कमालीचं संथ होतं. मित्राने पेनड्राइव्हवर दिलेली तयार मशीन-फाइल अशा मॅकवर उघडत नाही, त्याचं कारण हेच.

४. हिरवं कासव

सगळं चालू आहे, मेमरी पुरेशी आहे, तरी व्हर्च्युअलबॉक्स रांगतं. अशा वेळी मशीनच्या खिडकीत तळाशी उजवीकडे, छोट्या चिन्हांच्या रांगेत बघा. तिथे एक बारीकसं हिरवं कासव दिसलं तर कारण सापडलं. ते चिन्ह बनवणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. संदेश मात्र नेमका आहे.

झालेलं असतं असं. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायझर आधीच बसलेला असतो. ‘हायपर-व्ही’ तुम्ही मुद्दाम चालू केलं असेल तर तो जागा होतोच. पण विंडोजमधलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल, टाकल्यावरही होतो आणि सुरक्षेतलं ‘मेमरी इंटेग्रिटी’ चालू असलं तरी होतो. चिपमधली सोय तो आपल्या ताब्यात घेतो. मग व्हर्च्युअलबॉक्सला थेट चिपशी बोलता येत नाही. त्याच्यामार्फत बोलावं लागतं आणि वेग पडतो.

उपाय दोन. ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढायच्या, मेमरी इंटेग्रिटी बंद करायची आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा. यात सुरक्षेचा एक थर कमी होतो आणि डब्ल्यूएसएलची आजची आवृत्तीही थांबते, हे समजून करा. दुसरा उपाय म्हणजे कासवासह जगणं. काळ्या पडद्याच्या छोट्या लिनक्सला या संथपणाचा फारसा त्रास होत नाही. रोजचं बँकेचं कामही याच लॅपटॉपवर होत असेल, तर मी दुसरा उपाय निवडेन.

५. आता नावं

व्हर्च्युअलबॉक्स हे इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीचं. २००७ साली खुलं झालं, २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेलं आणि २०१० पासून ओरॅकलकडे आहे. मूळ सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं आहे, विंडोजच्या होम आवृत्तीवर चालतं, लिनक्सवर चालतं, मॅकवरही चालतं. त्याच्या जोडीला ‘एक्स्टेन्शन पॅक’ नावाचा वेगळा भाग मिळतो. तो घरगुती आणि शैक्षणिक वापरासाठी फुकट, कंपनीत मात्र परवाना लागतो. इंटर्नशिपला गेल्यावर कंपनीच्या लॅपटॉपवर तो न विचारता टाकू नका. कॉलेजच्या कामाला त्याची गरज बहुधा पडतच नाही.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो अनेक वर्षं विकत घ्यावं लागे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनी घेतली, मे २०२४ मध्ये हे सॉफ्टवेअर वैयक्तिक वापरासाठी फुकट केलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठीच. त्यामुळे ‘विद्यार्थ्याला परवडत नाही’ हा जुना आक्षेप आता उरला नाही; ‘क्रॅक’ केलेल्या प्रती फिरवणाऱ्यांनी तर आता तरी थांबावं. खिडक्यांचं, चित्रांचं काम ते व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा सफाईने करतं, हा माझा अनुभव. कटकट एवढीच की उतरवून घ्यायला ब्रॉडकॉमच्या संकेतस्थळावर खातं उघडावं लागतं आणि नेमकी फाइल शोधताना माणूस वैतागतो. सोळा जीबी मेमरी असेल आणि विंडोज सर्व्हर शिकायचा असेल तर हे घ्या.

हायपर-व्ही विंडोजच्या प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांतच अधिकृतपणे मिळतं. दुकानातून आणलेल्या बहुतेक विद्यार्थी-लॅपटॉपवर होम आवृत्ती असते, त्यामुळे इथे चर्चाच संपते. होमवर ते जबरदस्तीने बसवायच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ आहेत. त्यांच्या नादी लागण्याइतकं त्यात काही नाही.

डब्ल्यूएसएल होम आवृत्तीवर चालतं आणि एका आज्ञेत बसतं. फक्त सी, पायथन, लिनक्सच्या आज्ञा, गिट एवढंच शिकायचं असेल तर व्हर्च्युअल मशीनच्या भानगडीत पडूच नका, हे पुरे. पण त्यात लिनक्स आयतं बसलेलं मिळतं. ते बसवायचं कसं, सुरू होताना अडकलं तर सोडवायचं कसं, तीन यंत्रं एकमेकांना जोडायची कशी, हे त्यात शिकता येत नाही. सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर व्हायचं असेल त्याला हा रस्ता अपुरा पडतो.

आणि केव्हीएम. लॅपटॉपवर लिनक्सच मुख्य असेल तर माझं मत सरळ आहे : दुसरीकडे बघू नका. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. वर ‘व्हर्ट-मॅनेजर’ नावाची खिडकी बसवली की काम सुरू. अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली क्लाउड सेवा सुरू केली; तिथे भाड्याने मिळणारा ‘सर्व्हर’ हीसुद्धा बहुधा व्हर्च्युअल मशीनच असते आणि अॅमेझॉनच्या नव्या यंत्रांवरचा हायपरव्हायझर केव्हीएमच्या पायावरच बांधलेला आहे. सेवाग्रामच्या खोलीत जे शिकाल तेच मुंबईत भाड्याने मिळतं. जुन्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स टाकून त्यात केव्हीएमवर एखादं छोटं मशीन चालवणं, हा त्या यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग.

एम चिपच्या मॅकवाल्यांसाठी ‘यूटीएम’ हे फुकट सॉफ्टवेअर आहे. व्हीएमवेअरचं ‘फ्यूजन’ही आता फुकट आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सही २०२४ च्या ७.१ आवृत्तीपासून तिथे चालतं.

६. डाउनलोडचा हिशेब

उबुंटू डेस्कटॉपची फाइल ६ जीबीच्या आसपास असते. मोबाइलवर रोज दीड जीबी डेटा मिळत असेल, तर फक्त ती उतरवायला चार दिवसांचा डेटा जातो. डेबियनची छोटी प्रत ६०० ते ८०० एमबीची असते; लागेल तेवढाच बाकीचा माल ती नंतर नेटवरून आणते. अल्पाइन नावाचं लिनक्स तर शंभर एमबीच्याही आत मिळतं. नेट तुटपुंजं असेल तर ही दोन नावं लिहून ठेवा.

सहज सुचणारा मार्ग म्हणजे एकाने उतरवायचं आणि पेनड्राइव्हवर सगळ्यांनी घ्यायचं. ते कायदेशीरही आहे, लिनक्सचा परवाना वाटायला मोकळीक देतो. पण पेनड्राइव्हमध्ये बत्तीस जीबी मोकळे असूनही विंडोज म्हणतं, फाइल फार मोठी आहे. कारण पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ या जुन्या पद्धतीने आखलेला असतो आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. आतला माल दुसरीकडे हलवून पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करा, अडचण मिटेल. फाइल मिळाल्यावर तिचा ‘चेकसम’, म्हणजे फाइलवरून गणित करून काढलेली ओळखखूण, मूळ संकेतस्थळावरच्या खुणेशी ताडून बघा. चार हातांतून फिरलेली फाइल अर्धवट उतरलेली असली तर तिथेच कळतं.

मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत. ते लहान आहेत, एकदा उतरवले की नेटशिवाय बघता येतात.

७. दोघांचा पत्ता एकच कसा?

व्हर्च्युअलबॉक्सवर दोन मशीन उभी केली, दोन्हीवर पत्ता बघितला तर दोन्हीकडे १०.०.२.१५! आणि एकाची हाक दुसऱ्याला जात नाही. यात बिघाड काही नाही. नवीन मशीनला व्हर्च्युअलबॉक्स आपोआप ‘नॅट’ पद्धतीने जोडतं. त्या पद्धतीत प्रत्येक मशीन वेगळ्या, बंदिस्त वाटेने इंटरनेटला जातं. शेजारी कोण आहे हे त्याला दिसतच नाही. दोन मशीन एकमेकांशी बोलायला हवी असतील तर सेटिंगमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड जोडा आणि ते ‘होस्ट-ओन्ली’ ठेवा. मग ती आपसांत आणि तुमच्या विंडोजशी बोलतात, बाहेर मात्र जात नाहीत.

तिसरी पद्धत ‘ब्रिज्ड’. यात तुमचं आतलं मशीन थेट होस्टेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर एक स्वतंत्र यंत्र म्हणून उभं राहतं. काली लिनक्स घेऊन हॅकिंग शिकणाऱ्यांनी ही पद्धत टाळावी. सराव म्हणून चालवलेलं स्कॅनर चुकून खऱ्या नेटवर्कवर फिरतं, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘सर, मी तर शिकत होतो’ हे उत्तर पोलिस ठाण्यात चालत नाही. हल्ला करणारं मशीनही तुमचं आणि हल्ला झेलणारंही तुमचंच, दोन्ही ‘इंटर्नल’ नेटवर्कवर, म्हणजे फक्त आपसांतच बोलणारी, असं ठेवा.

८. मे महिना आणि स्नॅपशॉट

मोडण्याआधी स्नॅपशॉट घ्या. स्नॅपशॉट म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद. नंतर कितीही बिघडवलं तरी एका टिचकीत तिथे परतता येतं. पण ती बॅकअप नव्हे. लॅपटॉपची डिस्क गेली तर स्नॅपशॉटही गेले. शिवाय ते डिस्क खातात : २५ जीबीची म्हणून दिलेली डिस्क-फाइल सुरुवातीला दोन-तीन जीबीच असते, वापराबरोबर फुगते आणि आतलं काही पुसलं तरी आपोआप आक्रसत नाही. कामाचा भाग संपला की जुने स्नॅपशॉट काढून टाका.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि दुपारी दोन वाजता तीन मशीन चालवली तर ते लगेच जाणवतं. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते; कूलरच्या थेट झोतातही नको, त्या हवेत पाणी असतं. जड काम पहाटे करा. वीज गेली आणि बॅटरी उतरायला लागली तर मशीन झटक्यात बंद करण्याऐवजी ‘सेव्ह स्टेट’ निवडा. वीज आल्यावर जिथे होतात तिथूनच सुरू होतं.

नवा लॅपटॉप घ्यायला नागपूरच्या सीताबर्डीला जाणार असाल तर दुकानदाराला प्रोसेसरच्या पिढीआधी एक गोष्ट विचारा : मेमरी वाढवायला स्लॉट आहे का? अनेक सडपातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असते, ती पुढे कधीच वाढवता येत नाही. तशा यंत्रात ८ जीबी असेल तर ते घेऊ नका. थोडं जाड, थोडं जड, पण रिकामा स्लॉट असलेलं यंत्र घ्या.